न चमकलेली काकडी

दुसऱ्या मोजणीतही शून्यच आलं. मोजणीबाईंनी तो आकडा फॉर्मवर इतक्या सुबकपणे काढला, की त्यांच्या हातातलं पेन हिसकावून समुद्रात भिरकावून द्यावंसं मला वाटलं. शून्य कसं काढायचं, याचंही प्रशिक्षण देत असतील मत्स्य खात्यात. देव जाणे.

"दहाही ओळी पोहून झाल्या, ताई," त्या मास्क कपाळावर सरकवत म्हणाल्या. "गवतात एकही नाही."

"आणि धक्क्याच्या दगडांत लोळत पडल्यात त्या? चाळीस तरी असतील!"

"त्या काळ्या आहेत. तुम्ही सोडल्यात त्या वाळूतल्या जातीच्या."

आता हे मला सांगायची काही गरज होती का? सहा वर्षं मी समुद्रकाकड्या वाढवते आहे, म्हणजे समुद्राच्या तळावर सरपटणारे काकडीच्या आकाराचे जीव. काळी काकडी दगडांच्या फटीत दिवसाढवळ्या पाय पसरून पडते, कारण तिला कुणी विचारत नाही. ठिपक्यांची खडकाळ, स्वच्छ पाण्यात राहते आणि आमच्या गढूळ खाडीकडे फिरकतही नाही. वाळूतली मात्र मऊ तळ शोधते. ती वाळू खाते, वाळूत झोपते, आणि खाल्लेल्या वाळूतला मळ पोटात ठेवून धुतल्यासारखी स्वच्छ वाळू मागे सोडते. ना डोळे, ना डोकं, ना आवाज. घरात अशी एखादी व्यक्ती असती तर मी सुखी झाले असते.

पण रागाला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मी बोटाएवढी आठशे पिल्लं या खाडीतल्या समुद्रगवतात सोडली होती. त्यांतली किमान पंधरा मोठी झालेली सापडली, तर आमची पिल्लं काढायची शेड चालू राहणार होती. मोजण्या तीनच होत्या. तिसरीही कोरी गेली, तर टाक्या निघणार आणि शेड बर्फाच्या गोदामाला जाणार. गोदामवाला आतापासूनच येऊन दारांची रुंदी मापून गेला होता. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तिसरी मोजणी बारा दिवसांनी," मोजणीबाई म्हणाल्या. वयाने माझ्या धाकट्या भाचीएवढ्या असतील, पण बोलणं अगदी मोजूनमापून. "वेळ हीच ठेवू? सकाळी साडेसात?"

"हीच," मी म्हणाले. "त्या सकाळी वर येतात. मी रोज बघते."

शेडच्या दाराशी बाबा बसले होते. मांडीवर गाळणीचं कापड ताणून त्याची फाटकी कड शिवत होते. टाक्यांतून बाहेर जाणारं सगळं पाणी त्यांच्या या गाळण्यांतून जातं. शेडमधलं तेवढंच एक काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. टाकीत मात्र ते कधी डोकावत नसत. सहा वर्षांत एकदाही नाही. पोरीने आयुष्य घातलं त्या कामात, आणि बाप टाकीत वाकून बघत नाही, हे माझ्या मनाला किती लागायचं ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. त्यांचा उजवा कान समुद्राने कधीच नेला होता.

एके काळी अख्खा किनारा बाबांना 'दीडदम' म्हणायचा. बाकीचे पाणबुडे एका दमात जेवढा वेळ खाली राहायचे, त्याच्या दीडपट बाबा राहायचे. खाली जायचे ते काकड्यांसाठीच. काकड्या उकळायच्या, वाळवायच्या, पोती भरून व्यापाऱ्याला द्यायच्या. मी लहान होते तेव्हा आमच्या अंगणात त्या वाळत पडलेल्या असायच्या आणि मी त्यांवरून लंगडी घालायचे. मग एका वर्षी अंगण रिकामं राहिलं. पुढच्या वर्षीही. त्यानंतर बाबा पाण्यात उतरले नाहीत.

"शून्य!" मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून ओरडले.

"सकाळी कशाला गेलात?" बाबांनी सुई न थांबवता विचारलं.

"कारण त्या सकाळी वर येतात, बाबा! आत येऊन बघा कधीतरी. सातला टाकीजवळ गेलं की सगळ्या वाळूवर हजर."

"सातला काय करतेस तू?"

"खाणं घालते."

"हं," बाबा म्हणाले आणि दातांनी दोरा तोडला.

त्या 'हं'ने माझं डोकं फिरलं. मी तरातरा आत गेले, बादल्या आपटल्या, पंप तिसऱ्यांदा पुसला. समुद्रकाकडी फार घाबरली की स्वतःची आतडी बाहेर टाकते आणि मग निवांत नवी वाढवते. माझा स्वभावही तोच, असं माझे यजमान म्हणतात. तेवढी आपटाआपट झाल्यावर मी मोठ्या टाकीच्या कठड्यावर बसले आणि आत बघितलं. यंदा पिल्लं काढायची परवानगी मोजणीच्या निकालापर्यंत अडकलेली होती, म्हणून शेडमध्ये होत्या त्या फक्त या नऊ मोठ्या, वीतभर वाळूच्या थरावर राहणाऱ्या. साडेनऊ वाजले होते. नऊच्या नऊ वाळूत गडप.

रोज असंच असतं. सातला वर, नऊला खाली. यात नवीन काहीच नव्हतं. पण बाबांचं 'हं' कानात अडकून बसलं होतं. सातला काय करतेस तू?

दुसऱ्या दिवशी सातला मी खाणं घातलं नाही. सगळ्या वर आल्या, टाकीभर चाचपडल्या आणि परत गेल्या. तिसऱ्या दिवशी चारच आल्या. पाचव्या दिवशी सातला टाकीत नुसती वाळू होती. मी स्टूल घेऊन टाकीशेजारी ठाण मांडलं. आठ, दहा, बारा. चहा दोनदा गार झाला. दुपारी तीनला एका कोपऱ्यात वाळूला चिमूटभर उंचवटा आला. मग दुसरा. साडेतीनपर्यंत नऊच्या नऊ पाठ वर काढून सावकाश चरायला लागल्या होत्या.

मला रडूच आलं, खरं सांगते. सातची वेळ त्यांची नव्हतीच. ती माझी होती. सहा वर्षं मी सातला खाणं घालत आले, म्हणून त्या सातला वर येत होत्या, आणि मी वहीत मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं होतं की हा त्यांचा स्वभाव आहे. खाडीत त्यांना सातला कोण वाढणार होतं? उजाडलं की त्या वाळूत शिरत असणार, आणि आम्ही बरोबर तेव्हाच गाठी मारलेला दोर ताणून त्यांच्या डोक्यावरून पोहत होतो.

मी दाराशी गेले आणि बाबांसमोर जमिनीवरच बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"वेळ ठाऊक होती." बाबांनी गाळणी खाली ठेवली. "दुपारनंतर जायचो आम्ही. सकाळी जाणारे रिकामे यायचे."

"मग दोन वर्षं मूग गिळून का बसलात?"

त्यांनी सुई दोऱ्यासकट मांडीवर ठेवली. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा विचारणार होते, तेवढ्यात ते बोलले.

"वेळ सांगितली असती, तर जागाही सांगावी लागली असती."

"जागा? जागा मला ठाऊक आहे. मीच सोडल्या ना त्या गवतात!"

"लहान होत्या तेव्हा सोडल्यास. लहानपणी गवत लागतं त्यांना. पानांना चिकटून राहतात, मुळांत दडतात. मोठ्या झाल्या की गवतात कशाला राहतील? बाहेर पडतात. जिथे गाळ जास्त आणि वाळू मऊ, तिथे." त्यांनी हाताने खाडीच्या तोंडाकडे दाखवलं. "दुभंगलेल्या खांबाच्या पलीकडे, दोन पुरुष खोल पाण्यात वाळूचा एक पट्टा आहे. या खाडीतल्या सगळ्या मोठ्या काकड्या तिथे असायच्या. ती जागा फक्त मला सापडली होती."

"मग?"

"मग काय. बाकीच्यांच्या जागा संपल्या, तरी माझी चालू होती. शेवटच्या दिवशी सात मिळाल्या. सात! आधी एका फेरीत दोनशे काढायचो. मला कळलं होतं गं, की या शेवटच्या. सबंध पट्टा फिरून सात, म्हणजे कळतंच. राहू द्याव्यात, असं मनातही आलं. आणि तरी मी त्या उचलल्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या पट्ट्याचं नाव मी कुणाकडे काढायचं? तुझ्याकडे? तू एकेक पिल्लू चमच्याने उचलतेस."

मला त्यांचा राग यायला हवा होता. माझा राग नेहमी नाकावर असतो, तो नेमका त्या वेळी कुठे गेला, कोण जाणे. मी त्यांच्या मांडीवरची सुई काढून दोऱ्याच्या रिळात खोचली.

"माझ्याबरोबर बोटीत यायचं," मी त्यांच्या चांगल्या कानात म्हणाले. "पट्टा तुम्ही दाखवायचा."

मोजणीबाईंना मी त्याच दुपारी फोन केला. वेळ बदला म्हटलं, जागा बदला म्हटलं, आणि आता नियमांचं पुस्तक उघडेल म्हणून भांडायच्या तयारीने उभी राहिले.

"फॉर्ममध्ये पिल्लं सोडलेल्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत असं आहे," त्या म्हणाल्या. "पट्टा तेवढ्यात बसतो का?"

"बसतो."

"आणि सकाळ असं फॉर्ममध्ये कुठेच नाही, ताई. ती वेळ तुम्हीच लिहून दिली होती."

मी वही उघडून सातची ती नोंद आडवी रेघ मारून खोडली.

ठरल्या दिवशी दुपारी अडीचला आम्ही निघालो. बोट मी वल्हवत होते. बाबा पुढे बसले होते, आणि त्यांच्या पायांशी त्यांचा जुना लाकडी डबा होता, तळाला काच बसवलेला. पाण्यावर टेकवून आत डोळे घातले की तळ स्वच्छ दिसतो. तो डबा माळ्यावर कितीतरी वर्षं पडून होता. बाबांनी तो आदल्या दिवशी उतरवून त्याच्या फटी राळेने बुजवल्या होत्या, हे मला बोटीत बसल्यावर कळलं.

वाटेत गवताच्या कडेला मोजणीबाईंनी पाण्यात हात घालून चार-पाच पानं मुळापासून उपटली आणि पाण्यासकट पिशवीत घातली. फॉर्मवर 'गवताचा नमुना' असा रकाना होता म्हणे. रकाना दिसला की तो भरायचा, हा त्यांचा स्वभाव.

दुभंगलेल्या खांबाच्या पुढे बाबांनी हात वर केला. मी वल्ही थांबवली. त्यांनी डबा पाण्यावर टेकवला आणि त्यात तोंड घातलं.

"दिसतात का?" मी विचारलं. त्यांच्या पाठीवर थाप मारून मी पुन्हा ओरडले, "दिसतात का, बाबा?"

"काकडी शोधायचीच नाही," डब्यातूनच त्यांचा आवाज आला. "तिची वाळू शोधायची. डावीकडे घे."

मी डावीकडे घेतलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. तीन वाजून गेले. मोजणीबाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण त्या बघत नाहीत हे मला स्पष्ट दिसत होतं. बर्फाचं गोदाम, रुंद केलेली दारं, गंजायला बाहेर काढलेल्या टाक्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"थांब," बाबा म्हणाले. मग हळू आवाजात, "ही बघ."

मी वाकून डब्यात बघितलं. तळाच्या करड्या गाळावर पांढुरक्या वाळूचं एक वेटोळं पडलं होतं, शेवयांसारखं. खाऊन, धुऊन बाहेर टाकलेली वाळू. जवळच दुसरं. त्यापलीकडे तिसरं.

"ताजं आहे," बाबा म्हणाले. "जुनं असतं तर प्रवाहाने मोडलं असतं. उतरा आता. वेटोळ्यापासून हातभर अंतरावर बघा."

आम्ही दोघी मास्क लावून उतरलो. मोजणीबाईंनी दोर ताणला. नियम म्हणजे नियम. पहिल्या ओळीत मला नुसता गाळ दिसला. तेवढ्यात माझ्या नाकासमोर तो गाळ हलला. एक उंचवटा आला, वरची वाळू दोन्ही बाजूंनी घसरली, आणि खालून करड्या रंगाची, आडव्या सुरकुत्यांची, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब पाठ वर आली. पाण्याखाली ओरडता येत नाही, हे मी विसरले. पोटात पाणी गेलं. वर येऊन मी खोकत होते आणि हसत होते आणि बाबा बोटीतून विचारत होते, "काय झालं? काय झालं गं?"

"एक!" मी दोन्ही हातांनी लांबी दाखवली. "एवढी!"

दहा ओळींत एकोणीस सापडल्या. मोजणीबाईंनी पाटीवर एकोणीस रेघा ओढल्या, आणि विसावी मी दाखवली तर म्हणाल्या, ती दोराच्या बाहेर आहे. असू दे बाहेर. माझं काही म्हणणं नव्हतं.

पण बोटीत चढल्यावर टॉवेलने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "ताई, या तुमच्याच कशावरून? दुसरीकडून आलेल्या असू शकतात."

हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं, आणि याचं उत्तर माझ्याकडे दोन वर्षांपासून तयार होतं. काकडीच्या कातडीत चुन्याचे बारीक दाणे असतात, धुळीच्या कणाएवढे. पिल्लं सोडण्याआधी मी ती एक रात्र रंगाच्या पाण्यात ठेवली होती. तो रंग दाण्यांत शिरतो आणि तिथेच राहतो. साध्या उजेडात काही कळत नाही. निळ्या उजेडाखाली मात्र ते दाणे हिरवे चमकतात.

एकोणीसही काकड्यांच्या पाठीची नखाच्या टोकाएवढी साल मोजणीबाईंनी नळ्यांत घेतली होती. तेवढी जखम त्या आठवड्यात भरून काढतात. शेडमध्ये आल्यावर मी खिडकीवर गोणपाट लावलं, सूक्ष्मदर्शक काढला आणि निळा दिवा लावला. पहिला नमुना काचेवर ठेवला.

हिरवे ठिपके. काचेवर कुणी हिरवी साखर सांडावी तसे.

"बघा," मी मोजणीबाईंना जागा दिली. त्यांनी बघितलं, आणि त्या मोजूनमापून बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून "अय्या!" निघालं. फॉर्मवर 'अय्या'चा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी 'होय' लिहिलं. एकोणीस वेळा 'होय'. शेड वाचली. त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकला. त्यांच्या पेनाबद्दल माझं मत पूर्ण बदललं होतं.

चहा होईपर्यंत त्यांनी गवताची पिशवी काढली. पानांची लांबी मोजायची होती म्हणे. दुसरं पान पट्टीला लावताना त्या थांबल्या.

"ताई, हे काय आहे?"

पानाला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलं होतं. पानासारखंच हिरवट-करडं. मी भिंग लावलं. इवल्याशा मिशा बाहेर काढून ते पानावरचा मळ पुसत होतं. तसलं पिल्लू मी झोपेतही ओळखते.

मी पानाचा तेवढा तुकडा पाण्यासकट ताटलीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि निळा दिवा लावला.

अंधार. एकही ठिपका नाही. भिंग पुढे-मागे केलं. दिवा तपासला. अंधारच.

"चमकत नाही," मी म्हणाले. सवयीने पहिला विचार तोच आला. चमकली नाही म्हणजे आपली नाही. आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. दोन वर्षांत मी एकही पिल्लू सोडलेलं नव्हतं. यंदा शेडमध्ये पिल्लं काढलीच नव्हती.

"टाकीच्या पाण्यातून निसटलं असेल?" मोजणीबाईंनी लगेच विचारलं. रकाने मोकळे सोडायचे नाहीत, हे खरंच.

"माझ्या गाळणीतून?" दारातून बाबा म्हणाले. त्यांना कसं ऐकू गेलं, देव जाणे. "अंडंसुद्धा जात नाही."

मी उठून त्यांच्याजवळ गेले, हात धरला आणि त्यांना आत आणलं. आजवर कधी आत न आलेला माणूस निमूट आला. मी त्यांना स्टुलावर बसवलं.

"यात बघा."

त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

"तेच बघायचंय, बाबा. हिला मी रंग लावलेला नाही. मी हिला सोडलेलंच नाही. कुणीच सोडलेलं नाही. ही इथे जन्मली, आपल्या खाडीत."

मी निळा दिवा बंद करून साधा लावला. बाबांचा डोळा अजून तिथेच होता. त्यांना ती दिसली, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. त्यांनी श्वास धरून ठेवला होता. किती वेळ ते मी सांगत नाही. दीडदम म्हणायचे त्यांना, ते उगाच नाही.

"त्या पट्ट्यातल्यांची?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्यांचीच असणार. अंडी तिथे, आणि प्रवाह गवताकडे."

मोजणीबाईंनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. रकाना नव्हता. मग त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'एक. येथेच जन्मलेली.' आणि खाली रेघ ओढली.

"हिला इथे ठेवायचं नाही," बाबा म्हणाले. "चल."

चहा तसाच राहिला. अंधार पडायच्या आत आम्ही गवतापाशी पोचलो. छातीभर पाणी होतं. मी उतरायला लागले, तर बाबांनी हाताने मला मागे सारलं. पॅन्ट न दुमडताच ते बोटीवरून पाण्यात उतरले, एका हाताने बोट धरून, दुसऱ्या हाताने ते पान पाण्याखाली सांभाळून. मी म्हणाले, कान जपा. ऐकलं नसेल.

त्यांनी पान गवताच्या मुळांत खोचलं, वर दोन पानं आडवी करून घेतली, आणि रिकामा हात पाण्याबाहेर काढला.

"तुम्ही उचललेल्या त्या सात शेवटच्या नव्हत्या, बाबा," मी म्हणाले. "निदान शेवटच्या राहिल्या नाहीत."

हेही त्यांना ऐकू गेलं नसावं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या किती वाजता खाणं घालणार?"

"तीनला," मी ओरडले.

"मग मी अडीचला येतो," बाबा म्हणाले, आणि बोटीत चढायला त्यांनी माझ्यापुढे हात केला.